निकाल आईच्या हातात द्या : सीमाभागातल्या मुलांवर संशोधन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या भागांत लहान मुलांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे सर्व डॉक्टर, प्राध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी, तसेच अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यात ३१ वर्षं अंगणवाडी चालवली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. इतकी वर्षं तुमच्यासारखी माणसं गावात आली की पहिल्यांदा माझ्या दारात थांबायची, कारण कुठल्या घरात किती वर्षांचं पोर आहे, कुणाला दिवस गेलेत, कोण माहेरी आलीय, हे सगळं माझ्या रजिस्टरात असायचं. तुमचं काम किती मोलाचं आहे हे मला कळतं. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक पथक आलं होतं. कुठल्या संस्थेचं ते इथे लिहीत नाही. एक डॉक्टर, दोन शिकाऊ मुली आणि बर्फाची पेटी. मुलांच्या रक्तात शिसं किती आहे ते पाहायचं आणि त्याचा वाढीशी, बुद्धीशी काय संबंध आहे ते शोधायचं, असं त्यांनी मला सांगितलं. संमतीपत्रक होतं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. माझ्या गावातल्या बहुतेक बाया मराठी वाचतात, तीही अडखळत. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, कुठं करायची सही?" मी बोट ठेवून जागा दाखवली. कुणी सही केली, कुणी अंगठा दिला. त्या सह्या कागदावर नव्हत्या, माझ्या शब्दावर होत्या. पोरांनी दंड पुढे केले, रडली, त्यांना एकेक बिस्किटाचा पुडा मिळाला. पथक संध्याकाळी गेलं.

पुन्हा कुणी आलं नाही.

एक आई मला दर महिन्याला विचारायची, "आमच्या पोरीच्या रक्तात काय निघालं वो?" आधी मी म्हणायचे, येईल कागद. मग म्हणायचे, विचारते. शेवटी ती दिसली की मीच रस्ता बदलू लागले. ती पोरगी आता दहावीला आहे. तिच्या रक्तात काय निघालं ते कुठल्या तरी संगणकात पडून असेल, कुठल्या तरी लेखात सरासरीचा एक भाग होऊन गेलं असेल. तिच्या आईला अजून माहीत नाही.

मला जे मागायचं आहे ते एवढंच आहे : आमच्या मुलांचा अभ्यास जरूर करा, पण मुलाला त्याच्या घरात आणि त्याच्या भाषेत मोजा, आणि जे निघेल ते त्याच्या आईच्या हातात द्या.

आधी घराबद्दल सांगते.

निपाणी म्हटलं की लोकांना तंबाखू आठवतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी इथे रस्त्यावर बसले होते, तेही आठवतं. पण तंबाखू शेतात आणि वखारीत जेवढा आहे तेवढाच तो आमच्या घरांत आहे. बाई विडी कारखान्यातून पान आणि जर्दा, म्हणजे तंबाखूचा चुरा, मोजून आणते. रात्री पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवते. सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीने पान कापते, आणि मग सूप मांडीवर घेऊन बसते ती दुपारपर्यंत उठत नाही. सुपात एका बाजूला जर्दा, एका बाजूला पानं. हजार विड्या व्हायला दिवस जातो. तान्हं पोर वरच्या आढ्याला टांगलेल्या झोळीत असतं. रांगतं झालं की सुपाच्या कडेला येऊन बसतं, जर्द्यात हात घालतं, हात तोंडात घालतं. पोर रडलं की बाई पदराला बोटं पुसते आणि त्याला पाजायला घेते. त्या पदराचा रंग मी तुम्हाला दाखवू शकते. धुऊनही जात नाही. घरात शिरलं की तंबाखूचा खकाणा, म्हणजे बारीक धूळ, नाकात जातो, नव्या माणसाला ठसका लागतो. आम्हाला लागत नाही, आणि मला वाटतं तीच काळजीची गोष्ट आहे.

निकोटिन कातडीतून शरीरात शिरतं. ओल्या तंबाखूच्या पानांत काम करणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, त्या आजाराला वैद्यकात वेगळं नावही आहे. गर्भारपणात हेच निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं. विडी ओढणाऱ्या बापावर खूप बोललं गेलं. जी आई एकही विडी ओढत नाही, पण नऊ महिने रोज सात-आठ तास जर्द्यात बोटं घालून बसते, तिच्या बाळाचं काय होतं, हा प्रश्न घेऊन माझ्या अंगणवाडीत ३१ वर्षांत कुणी आलं नाही.

मग चूल. गॅसची टाकी आता बहुतेक घरांत आहे, पण ती चहापुरती आणि पाहुण्यांपुरती. अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच होते, कारण तुराट्या आणि चिपाडं फुकट मिळतात. धुरातल्या ज्या अतिसूक्ष्म कणांना पीएम २.५ म्हणतात, त्यांची वर्षाची सरासरी घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलं. आपल्या देशाचं २००९ चं मानक ४० आहे. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या यंत्रांवर वाचले जातात. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हातांवर, जमिनीवर बसलेल्या पोराच्या नाकाच्या उंचीला यंत्र कोण ठेवणार? तान्हं बाळ मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेतं. मोठं माणूस १२ ते २० वेळा. एकाच खोलीत बसलेल्या आजीपेक्षा नातवाच्या वाट्याला त्याच्या वजनाच्या मानाने कितीतरी जास्त धूर येतो.

आणि पाणी. हा सगळा उसाचा पट्टा. युरिया रानात पडतो, पाटपाण्याबरोबर खाली उतरतो आणि विहिरीत, बोअरमध्ये नायट्रेट होऊन येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, बाळ निळं पडतं. मी स्वतः आयुष्यभर सांगत आले, "पाणी उकळून द्या." जंतूंसाठी ते बरोबरच आहे. पण नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. हे मला निवृत्तीच्या जरा आधी एका प्रशिक्षणात कळलं. किती बाळांच्या आयांना मी अर्धाच सल्ला दिला, हा विचार आला की झोप लागत नाही.

बेळगाव शहराकडे गेलात तर चित्र वेगळं. उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या फौंड्र्यांत वाळूच्या साच्यांत ओतकाम चालतं. बाप घरी येतो तो त्याच कपड्यांत, आणि पोर दारातूनच पायाला मिठी मारतं. तुरमुरीच्या कचरा डेपोच्या आसपासची मुलं आहेत. हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडालेली काळी राख वाळत घातलेल्या लंगोटांवर येऊन बसते. प्रत्येक ठिकाणाचा अभ्यास वेगळा व्हायला हवा, "ग्रामीण बेळगाव" म्हणून सगळ्यांना एकाच पिशवीत भरून चालणार नाही.

शिशाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण त्या पथकामुळे मी त्यावर वाचत राहिले. मुलाच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पटीने अंगात मुरतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी मुरतं. आणि लोह कमी असणं म्हणजे काय, ते अंगणवाडीत रोज दिसतं. देशात पाच वर्षांखालच्या शंभरांतल्या ६७ मुलांना रक्तक्षय आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. ती पाहणी मुलाचं बोट टोचून हिमोग्लोबिन बघते, शिसं बघत नाही. युनिसेफने २०२० साली जगातल्या आकड्यांचा जो अंदाज मांडला, त्यात तीनातल्या एका मुलाच्या रक्तात डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचं म्हटलं होतं. अमेरिकेने लक्ष देण्याची पातळी १९९१ साली १० धरली होती, २०१२ साली ५ केली, २०२१ साली ३.५ वर आणली. दर वेळी जास्त बारकाईने पाहिलं आणि कळलं की त्याच्याही खाली नुकसान होतंच. सुरक्षित अशी पातळीच सापडलेली नाही.

हे सगळं वाचून एके दिवशी मी माझ्याच अंगणवाडीच्या खिडकीकडे पाहिलं. गजांना हिरवा रंग, थरावर थर दिलेला. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. पोरं गज धरून बाहेर बघत उभी राहतात, नखाने पापुद्रे काढतात, आणि ते बोट कुठे जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. मी त्यांना रोज हात धुवायला लावायचे, पण ते जेवायच्या आधी. खिडकीपाशी कोण कितीदा उभं राहिलं ते कुठल्या रजिस्टरात लिहिणार?

शिशाचा एक अभ्यास मला फार जवळचा वाटतो. हर्बर्ट नीडलमन नावाच्या डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांकडून पडलेले दुधाचे दात मागून घेतले. दोन हजारांहून जास्त मुलांनी दात दिले. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, पण दातात ते साठून राहतं, म्हणजे दात ही मागच्या वर्षांची वही असते. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धीच्या चाचणीत, लक्ष देण्यात, शिक्षकांच्या नोंदींत मागे निघाली. हे १९७९ साली छापून आलं. त्या मुलांपैकी कुणीही अंगात शिसं भिनल्याचं लक्षण दाखवत नव्हतं, सगळी शाळेत जाणारी, धडधाकट दिसणारी मुलं होती. आमच्याकडे पोराचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर टाकतात. किती वह्या कौलांवर पडून आहेत!

आता माझ्या वहीबद्दल. सरकारी रजिस्टरशिवाय मी एक स्वतःची वही ठेवली होती. मुलाचं जन्मवजन, मग दर महिन्याचं वजन, दंडाचा घेर, आणि शेजारी एका अक्षराची खूण : घरात विडी वळतात का, चूल घरात आहे का बाहेर, बाप फौंड्रीत आहे का. सुरुवातीला का लिहायला लागले आठवत नाही, बहुधा प्रत्येक घरी काय बोलायचं ते लक्षात राहावं म्हणून. काही वर्षांनी मला दिसू लागलं की 'वि' अशी खूण असलेल्या घरांत अडीच किलोच्या आतली बाळं जास्त आहेत. मी हे एका डॉक्टरांना उत्साहाने दाखवलं. त्यांनी मला न दुखवता सांगितलं, की विडीचं घर हे गरिबाचं घरही असतं. तिथली आई कमी जेवते, लवकर लग्न होऊन आलेली असते, तिच्या अंगात रक्त कमी असतं. बाळ हलकं का झालं, तंबाखूने, उपासाने की दोन्हींनी, हे नुसत्या वहीवरून सांगता येणार नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं. तेव्हापासून मी 'वि' मुळे असं झालं असं कधी कुणाला सांगितलं नाही. पण मग हे वेगळं करून दाखवायचं काम कुणाचं? आईच्या लघवीत निकोटिनचा अंश मोजायचा, तिचं रक्त तपासायचं, घरात काय शिजलं ते लिहायचं, बाळाला जन्मापासून दहा-पंधरा वर्षं धरून राहायचं, तेव्हा कुठे उत्तर मिळेल. ते काम तुमचं आहे, आणि ते एका दिवसाच्या बर्फाच्या पेटीने होणारं नाही.

असं काम आपल्या दोन्ही बाजूंना झालेलं आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या पोटी जन्मलेली मुलं मोठी होईपर्यंत धरून ठेवली. म्हैसूरला १९९७-९८ मध्ये असाच एक अभ्यास सुरू झाला, तीही मुलं तरुण होईपर्यंत तपासली गेली. आणि आमचा जिल्हा काही मागासलेला नाही. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी गावातल्या नर्सबाई देऊ शकतात का, हे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने याच जिल्ह्यातल्या १,६२० बाळंतिणींवर पाहिलं गेलं. २००६ साली निकाल छापला गेला : रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. त्याचा फायदा जगभरच्या बायकांना झाला. इथल्या आयांनी हे दिलेलं आहे. त्यांच्या मुलांच्या हवेचा, पाण्याचा, खकाण्याचा असाच दमाने अभ्यास झाला तर त्या आजही देतील.

फक्त भाषेचं एक फार मोठं कोडं आहे, आणि ते तुम्हाला दिसत नाही अशी मला शंका आहे.

त्या पथकातल्या एका मुलीने चार वर्षांच्या पोरीसमोर चित्रांचं पुस्तक उघडलं. ती मुलगी कन्नड बोलणारी, स्वभावाने गोड, पोरीला हसवत होती. तिने विचारलं, "मने तोरिसु." घर दाखव. पोरीने चित्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि गळ्यातल्या काळ्या पोतीतला मणी पकडून पुढे केला. मने म्हणजे मणी, असं तिला वाटलं. तिला जे ऐकू आलं त्याप्रमाणे तिने बरोबर उत्तर दिलं होतं. त्या मुलीने कागदावर फुली मारली. मी म्हटलं, "अहो, तिला घर म्हणा, ती दाखवेल." ती म्हणाली, "चाचणीत मदत करता येत नाही, आजी." मग पुढच्या चित्रालाही फुली. त्या दिवशी माझ्या हुशार पोरीच्या नावावर किती फुल्या पडल्या ते मी मोजत होते. ती पोरगी मला शंभरापर्यंत अंक म्हणून दाखवायची, जात्यावरच्या दोन ओव्या अख्ख्या म्हणायची.

आता विचार करा. निपाणी भागात विडी वळणारी बहुतेक घरं मराठी बोलतात. चाचणी कन्नडमध्ये घेतली तर या घरांतली मुलं मागे दिसणार. मग तुमच्या तक्त्यात निघणार, तंबाखूच्या घरातली मुलं बुद्धीने कमी. ते तंबाखूमुळे असेलही, पण तुम्ही मोजली ती भाषा. दुसरं असं, की उद्या खरोखरच खकाण्याने किंवा शिशाने मुलांचं नुकसान होत असेल, तर समोरचा कुणीही म्हणू शकेल, "छे, हा भाषेचा फरक आहे," आणि ते नुकसान त्या एका वाक्याखाली गाडलं जाईल. दोन्ही बाजूंनी आमचीच पोरं मार खातात. कन्नड घरातल्या पोराला मराठीत विचारलं तरी हेच होईल. अथणीकडच्या, गोकाककडच्या मुलांवर मराठी चाचणी लादा असं मी म्हणत नाही. ज्याची जी मायबोली, त्याची चाचणी तीत. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत आणखी तिसरी भाषा असणारं पोर असेल, तर ते दोन्ही भाषांत मिळून किती जाणतं ते मोजा.

आणि हे अशक्य नाही. १९३० च्या दशकात, जेव्हा आपला हा भाग मुंबई इलाख्यात होता, तेव्हा व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचं मुंबई-कर्नाटक रूपांतर तयार केलं, ते मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत. त्यांना तेव्हाच कळलं होतं की या मुलखात एका भाषेची फूटपट्टी पुरत नाही. बिने-कामत या नावाने ती कसोटी आजही आपल्या दवाखान्यांत वापरली जाते. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने जे केलं ते आज एवढ्या संस्थांना जमू नये?

परदेशातलं एक उदाहरण मी कधी विसरत नाही. कॅलिफोर्नियात सॅलिनास नावाचं खोरं आहे, भाजीपाल्याच्या शेतीचं. तिथले बरेच मजूर मेक्सिकोतून आलेले, स्पॅनिश बोलणारे. १९९९-२००० मध्ये विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या सुमारे ६०० गरोदर बायका अभ्यासात घेतल्या. अभ्यासाचं नावच त्यांनी 'चामाकोस' ठेवलं, म्हणजे त्या बायकांच्या बोलीत पोरंबाळं. प्रश्न विचारले ते त्यांच्या भाषेत, मुलांची चाचणीही ज्या भाषेत मूल बोलतं तीत. २०११ साली त्यांनी सांगितलं, की ज्या आयांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांचे अंश सर्वात जास्त होते, त्यांची मुलं सातव्या वर्षी बुद्ध्यंकात सर्वात कमी अंश असलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी मागे होती. त्या निकालावर वाद झाले तरी "तुम्ही भाषा मोजली" असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही. निकाल त्या वस्तीत जाऊनही सांगितले गेले. आपल्याकडेही उसावर, भाजीवर, तंबाखूवर फवारणी होते, पंप पाठीवर घेतलेला बाप घरी येऊन पोराला उचलतो.

हद्दीचं आणखी एक. वेदगंगा, दूधगंगा महाराष्ट्रातून येतात. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आमच्या जिल्ह्यात शिरते. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची केवढी साथ आली होती ते सगळ्यांना आठवत असेल. पाण्याला चेकपोस्ट नाही, पण तुमच्या अभ्यासांना आहे. महाराष्ट्रातला अभ्यास कागलला थांबतो आणि कर्नाटकातला कोगनोळीला. आणि हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांची पोरं? ती पाच महिने कारखान्याजवळ कोपीत राहतात, पेटत्या पाचटाच्या धुरात, फडाच्या कडेला चादरीच्या सावलीत. माझ्या अंगणवाडीत येऊन ती जेवायची, मी वजन करायचे, पण माझ्याकडे त्यांचं तायी कार्ड, म्हणजे आमच्याकडचं आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड, नसायचं आणि त्यांच्या गावच्या बाईकडे माझं वजन पोचायचं नाही. सगळ्यात जास्त धूर, धूळ, औषध ज्यांच्या वाट्याला येतं ती मुलं दोन्ही राज्यांच्या वहीत कोरी राहतात.

नैतिकता समितीच्या सदस्यांना मला वेगळं सांगायचं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मुलांवरच्या संशोधनाचे वेगळे नियम काढले. संमतीपत्रक भाग घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत हवं, सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या समजेप्रमाणे सांगून त्याचा होकारही घ्यायला हवा, हे त्यांत आहे. तुमच्यासमोर निपाणीचा, खानापूरचा, येळ्ळूरचा प्रस्ताव आला आणि त्याला मराठी पत्रक जोडलेलं नसेल, तर तो परत पाठवा. पत्रक जोडलेलं असेल तर ते गावातल्या एखाद्या बाईला वाचून दाखवा आणि तिला काय कळलं ते विचारा. यंत्रातून काढलेलं भाषांतर तिला समजणार नाही. मुलांच्या चाचणीला कोणती भाषा वापरणार हे विचारल्याशिवाय सही करू नका. आणि निकाल परत कसा देणार, कधी देणार, कोण देणार, हे लिहून घ्या. ज्या मुलाच्या रक्तात शिसं जास्त निघालं त्याच्या आईला ते कळवलं नाही तर ती काहीच करू शकणार नाही. कळवलं तर ती बरंच करू शकते : खिडकीचा रंग ओल्या फडक्याने पुसून झाकू शकते, शिसं असू शकणारा बाजारातला सुरमा थांबवू शकते, पोराला नाचणी, पालेभाजी, डाळ जास्त देऊ शकते, बापाचे कामाचे कपडे बाहेरच ठेवू शकते. आमच्या बायका गरीब आहेत, पण बाळासाठी करायचं म्हटलं की त्या रात्रीचा दिवस करतात. विडीचा जर्दा झाकायला साधं झाकण, बसायला ओसरी, पोराला पाळणाघर, एवढं जरी अभ्यासाबरोबर आलं तरी तुमचा अभ्यास संपायच्या आत काही पोरं वाचतील.

हे सगळं लिहिताना माझ्या मनात एक भीती आहे, ती झाकत नाही. असे निकाल आले की कुणी तरी म्हणेल, बंद करा विडी. हजार विड्यांच्या मजुरीवर ज्यांचं घर चालतं त्यांना दुसरं काम न देता विडी बंद केली, तर तीच मुलं उपाशी राहतील. म्हणून निकाल आधी त्या बायांना सांगा, त्यांच्याशी बोला, मग वर्तमानपत्राला.

माझी वही माझ्याकडे आहे. २३ वर्षांची नोंद आहे, अक्षर नीट आहे, नावं झाकून मी ती कुणालाही द्यायला तयार आहे. नव्या अंगणवाडी सेविका शिकलेल्या आहेत, त्यांना मराठी-कन्नड दोन्ही येतं, चाचणी कशी घ्यायची ते त्यांना शिकवलंत तर तुमच्या शिकाऊ मुलींपेक्षा त्या मुलांना जास्त बोलतं करतील. ज्या पथकाने पूर्वी रक्त नेलं, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर त्या मुलांचे आकडे अजूनही पाठवा. एकेका मुलाच्या नावाने, मराठीत, बंद पाकिटात. मी स्वतः घरोघरी नेऊन देईन, आणि आधी त्या दहावीतल्या पोरीच्या आईकडे जाईन.

गावात यायचं असेल तर दोन दिवस आधी कळवा. सकाळी येऊ नका, तेव्हा बाया पानं कापत असतात. चारनंतर, माल कारखान्यात पोचवून त्या परत येतात, तेव्हा देवळाच्या कट्ट्यावर सगळ्या भेटतील.

आपली,
निपाणी भागातली एक निवृत्त अंगणवाडी सेविका